सहा आठवड्यांत संपणारं युद्ध

प्रश्न : ताई, २२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर हल्ला केला, तेव्हा मॉस्कोतल्या परदेशी दूतावासांत रशिया महिनाभरसुद्धा टिकणार नाही असं बोललं जात होतं, असं अलीकडेच वाचलं. ही माणसं त्याच शहरात राहणारी. माहिती काढणं हेच त्यांचं काम, आणि त्याचाच त्यांना पगार. मग अंदाज एवढा कसा चुकला? तुमची नोकरी दूतावासांत झाली, म्हणून तुम्हाला विचारतो.
(एक निवृत्त शिक्षक, इचलकरंजी)

उत्तर : सर, ते मॉस्कोत राहत होते हे खरं, पण त्यांचं मॉस्को फार लहान होतं. आपला दूतावास, इतरांचे दूतावास, परराष्ट्र खात्यातल्या दोन-चार खोल्या आणि सुटीत जायला शहराबाहेरचा एखादा डाचा, म्हणजे सुटीतला बंगला, एवढंच. स्टालिनच्या १९३७-३८ च्या धरपकडीनंतर परदेशी माणसाच्या घरी जेवायला जाणं म्हणजे रशियन माणसाने पोलिसांना स्वतःच्या घराचा पत्ता देण्यासारखं होतं. बाहेरगावी जायचं तर परवानगी लागे, आणि ती मिळाली तरी मागे पोलिसांची माणसं असत. प्रत्येक दूतावासात मिलिटरी अताशे असतो, म्हणजे त्या देशाच्या लष्करावर नजर ठेवण्यासाठी पाठवलेला अधिकारी. या अताशांना लाल सेना, म्हणजे रशियाचं सैन्य, दिसायची ती मुख्यतः मे दिनाच्या संचलनात, लाल चौकात पाहुण्यांच्या रांगेत उभं राहून. छावण्या, कारखाने, उरल पर्वतापलीकडे काय उभं राहतंय, यांतलं बहुतेक काही त्यांच्या दृष्टीला पडत नव्हतं.

पण तार तर रोज पाठवायची असते. राजधानीत बसलेला मंत्री विचारतो, काय होणार? 'मला दिसत नाही, सबब सांगता येत नाही' असं उत्तर पाठवणारा राजदूत मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिला नाही. मग तो शेजारच्या दूतावासात विचारतो, शेजारचा तिसऱ्याला विचारतो. सकाळी एकाने म्हटलेले 'चार आठवडे' संध्याकाळपर्यंत पाच घरांत फिरून येतात आणि परत आले की ते सगळ्यांचं मत झालेलं असतं.

ब्रिटनचे राजदूत सर स्टॅफर्ड क्रिप्स जून १९४१ मध्ये लंडनला आलेले होते. हल्ल्याच्या काही दिवस आधी त्यांनी ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळाला सांगितलं की मॉस्कोतल्या राजनैतिक वर्तुळात रशिया तीन-चार आठवड्यांपलीकडे टिकणार नाही असं मानलं जातं. नाव ओळखीचं वाटलं ना? मार्च १९४२ मध्ये योजना घेऊन दिल्लीला आले ते हेच क्रिप्स. माणूस बुद्धिमान, निष्णात वकील. त्यांचं वाक्य नीट वाचलं तर त्यांनी जबाबदारीने बोलल्याचं दिसतं. 'वर्तुळात मानलं जातं' असं ते म्हणाले. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात मात्र 'तीन-चार आठवडे' एवढंच राहिलं.

हे कसं होतं, ते मी स्वतः पाहिलं आहे. सप्टेंबर १९८० मध्ये मी बगदादला होते, स्टेनो म्हणून. २२ तारखेला इराकने इराणवर हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी इराणी विमानं बगदादवर आली. रात्री दिवे बंद ठेवायचे म्हणून मी स्वयंपाकघराच्या काचेला कणकेच्या खळीने जुनी वर्तमानपत्रं चिकटवली होती. ती खळ पुढे महिनोन् महिने काचेवरून निघाली नाही. त्या आठवड्यात मी जिथे जिथे चहा प्यायले तिथे तिथे एकच ऐकलं : तीन आठवडे, फार तर सहा. कारणंही सगळीकडे तीच. इराणात क्रांती झालीय, शाहच्या वेळचे सेनापती कुणी मारले गेले, कुणी पळाले, विमानं अमेरिकन आणि सुटे भाग मिळत नाहीत, मग लढणार कोण? सांगणाऱ्यांपैकी कुणी क्रांतीनंतर तेहरानमध्ये पाऊलही ठेवलं नव्हतं. ते युद्ध थांबलं ऑगस्ट १९८८ मध्ये. तोवर माझ्या दोन बदल्या झाल्या होत्या आणि बगदादच्या बालवाडीत जाणारा माझा मुलगा सातवीत गेला होता.

त्या वेळची एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. नोकरीत एके ठिकाणी (कुठे ते महत्त्वाचं नाही) एका अंदाजाची तार मी तीनदा टाइप केली. पहिल्या खर्ड्यात होतं, 'असं इथे बोललं जातं, पडताळणी झालेली नाही.' दुसऱ्या खर्ड्यात 'पडताळणी झालेली नाही'वर काट बसली. तिसऱ्यात 'बोललं जातं' गेलं. सायफरच्या खोलीत पोचला तो कागद सरळ सांगत होता की अमुक शहर अमुक दिवसांत पडेल. यात कुणी खोटं बोललं नव्हतं. सायफर म्हणजे संकेतलिपी. त्या काळी शब्दाशब्दाचे आकडे करावे लागायचे, शब्द कमी झाले तर रात्रीचं काम कमी. आणि वरच्यांना छोटी, ठाम तार आवडायची. कात्री लागायची ती नेहमी 'कदाचित'ला. आकड्याला ती लागलेली मी पाहिली नाही.

आता १९४१ च्या लोकांना मूर्ख ठरवू नका. त्यांच्यासमोर जे होतं ते ठेवून विचार करा. स्टालिनने स्वतःच्या पाच मार्शलांपैकी तीन संपवले होते. १९३९-४० च्या हिवाळ्यात एवढ्याशा फिनलंडने लाल सेनेला साडेतीन महिने झुंजवलं होतं. उलट बाजूला फ्रान्स १० मे १९४० ला हल्ला झाल्यापासून २२ जूनच्या तहापर्यंत, म्हणजे सहाच आठवड्यांत कोसळला होता, आणि एप्रिल १९४१ मध्ये युगोस्लाव्हिया अकरा-बारा दिवसांत. जगातली सर्वांत मोठी म्हणवली जाणारी फ्रेंच सेना सहा आठवडे टिकली, तर फिनलंडने दमवलेली रशियन सेना किती टिकेल? या हिशेबात बेरीज-वजाबाकीची चूक कुठेच नाही. सहा आठवडे हा आकडा कुठून आला असं मला कुणी विचारलं तर मी फ्रान्सकडे बोट दाखवते. ताजं युद्ध डोळ्यांसमोर असलं की माणूस त्याच्याच मापाने पुढचं युद्ध मोजतो.

वॉशिंग्टनमध्ये युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी २३ जूनलाच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लिहून दिलं की जर्मनीला रशिया हरवायला कमीत कमी एक महिना आणि जास्तीत जास्त तीन महिने लागतील. युद्ध सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी! हल्ला झाला त्या शनिवार-रविवारी ब्रिटिश पंतप्रधान चर्चिलच्या चेकर्समधल्या घरी क्रिप्स, परराष्ट्रमंत्री ईडन, लष्करप्रमुख डिल आणि अमेरिकेचे राजदूत वायनंट होते. जेवणाच्या टेबलावर बहुतेकांचा सूर सहा आठवड्यांचाच. चर्चिलनी मात्र पाचशेला एक अशी पैज देऊ केली की दोन वर्षांनी रशियन लढत असतील आणि जिंकत असतील. त्यांच्याकडे काही गुप्त माहिती होती म्हणून नव्हे. आदल्या दिवसापर्यंत तेही रशिया नक्की हरणार असंच म्हणत होते. ब्रिटनला त्या क्षणी दुसरा जोडीदार नव्हता. मला वाटतं, ही पैज म्हणजे अंदाज कमी आणि निश्चय जास्त. पण जे निवाड्याच्या खुर्चीत बसतात त्यांना कधीकधी एवढंच करता येतं.

आणि सर, सगळ्यांत चुकले ते जर्मन, ज्यांच्यासाठी हा प्रश्न जिवाचा होता. त्यांच्या मॉस्को दूतावासातले उप-मिलिटरी अताशे हान्स क्रेब्स यांनी मे १९४१ मध्ये बर्लिनला जाऊन सांगितलं की रशियन अधिकारीवर्ग अगदी वाईट आहे, जुन्या पातळीवर यायला त्याला वीस वर्षं लागतील. हे जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख हाल्डर यांनी आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलं. याच हाल्डरनी ३ जुलैला लिहिलं की रशियाची मोहीम दोन आठवड्यांत जिंकली असं म्हणायला हरकत नाही. मग ११ ऑगस्टची नोंद बघा : आम्ही शत्रूच्या दोनशे डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) धरल्या होत्या, आतापर्यंत तीनशे साठ मोजल्या. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत आहे. क्रेब्स यांनी जे पाहिलं ते खरंच होतं, अधिकारी कच्चे होते. पण उभ्या सैन्याच्या मागे राखीव माणसांचं जे कोठार होतं ते कुठल्याही संचलनात दिसणार नव्हतं. जूनच्या अखेरपर्यंत पन्नास लाखांहून अधिक माणसं बोलावली गेली. हल्ल्याच्या दोनच दिवसांनी, २४ जूनला, कारखाने पूर्वेला हलवण्यासाठी वेगळी समिती नेमली गेली आणि नोव्हेंबरपर्यंत दीड हजारांहून जास्त कारखाने यंत्रांसकट रेल्वेने उरल, सैबेरिया आणि मध्य आशियाकडे गेले. हे मॉस्कोतल्या दूतावासाच्या खिडकीतून कसं दिसावं?

जर्मन राजदूत शुलेनबुर्ग यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या युद्धाविरुद्ध टिपण पाठवलं होतं. २८ एप्रिल १९४१ ला ते हिटलरला भेटले, तेव्हा रशियाशी युद्ध करण्याचा इरादा नाही असं हिटलरने त्यांना तोंडावर सांगितलं. २२ जूनच्या पहाटे रशियाचे परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांच्यासमोर उभं राहून युद्धाचा संदेश वाचायचं काम याच माणसाच्या वाट्याला आलं. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात नाव आलं आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना फाशी झाली. राजदूताने बरोबर सांगितलं तरी ऐकणाऱ्याला ते हवं असावं लागतं.

प्रश्न : याच विषयावर एक शंका. रशिया टिकेल असं तेव्हा कुणी म्हटलंच नव्हतं का? आणि म्हटलं असेल तर ते नुसतं नशिबाने बरोबर ठरलं, की त्यामागे काही पद्धत होती? मी इतिहास घेऊन एम.ए. करतेय.
(एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : बाळ, म्हटलं होतं, आणि तुझा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे.

आधी नशिबाचं. जोसेफ डेव्हिस १९३६ ते १९३८ मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत होते. हल्ला झाल्या झाल्या ते म्हणाले की लाल सेनेचा प्रतिकार पाहून जग थक्क होईल. तसं झालं. पण डेव्हिस स्टालिनच्या राजवटीबद्दल इतके भोळेपणाने बोलत की त्यांच्या दूतावासातल्या तरुण अधिकाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ज्या डोळ्यांनी त्यांना स्टालिनने विरोधकांवर भरलेले खोटे खटले खरे दिसले त्याच डोळ्यांनी सेनाही भक्कम दिसली. उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर असतेच असं नाही, हे तुला गणिताच्या पेपरापासून माहीत असेल.

आता पद्धतीचं. त्यासाठी हॅरी हॉपकिन्सची गोष्ट सविस्तर सांगावी लागेल. मला ती फार आवडते.

हॉपकिन्स राजदूत नव्हते. रूझवेल्टच्या अगदी जवळचे होते, समाजकल्याणाच्या कामातून वर आलेले. १९३७ मध्ये पोटाच्या कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया झालेली, अन्न अंगी लागत नसे, कोट अंगावर टांगल्यासारखा दिसे. जुलै १९४१ मध्ये ते लंडनमध्ये होते. रशियाला मदत पाठवायची की नाही हा प्रश्न अडून बसला होता. सहा आठवड्यांत रशिया पडणार असेल तर पाठवलेली विमानं जर्मनांच्या हातात जाणार. टिकणार असेल तर प्रत्येक दिवस मोलाचा. मॉस्कोतले अमेरिकन मिलिटरी अताशे मेजर आयव्हन येटन यांच्या तारा रशिया पडणार असंच सांगत होत्या. हॉपकिन्स म्हणाले, मी जाऊन बघतो. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डनहून ते एका कॅटलिना विमानात (पाण्यावर उतरणाऱ्या) बसले. नॉर्वेला वळसा घालून अर्खांगेल्स्कला पोचायला वीस तासांहून जास्त लागले. विमानात कडाक्याची थंडी. स्वतःची हॅट हरवल्यामुळे डोक्यावर चर्चिलची हॅट. ३० जुलैला मॉस्को.

तिथे ते आधी अमेरिकेचे राजदूत स्टाइनहार्ट यांच्याशी बोलले, आणि इथे स्टाइनहार्ट यांना न्याय द्यायला हवा. ते म्हणाले की रशियाचा इतिहास ज्याला माहीत आहे तो जर्मनांना सहज विजय मिळेल असं म्हणणार नाही. बाहेर जाऊन हल्ला करताना रशियन शिपाई अडखळतो, पण स्वतःच्या भूमीसाठी उभा राहिला की तो वेगळाच असतो. आणि त्यांनी हेही कबूल केलं की इथे परदेशी माणसावर इतका संशय असतो की परिस्थितीचं स्पष्ट चित्र मिळणं कठीण. असं कबूल करायला हिंमत लागते, बाळ. मी एवढी वर्षं तारा टाइप केल्या, म्हणून सांगते.

हॉपकिन्स आघाडीवर गेले नाहीत, तेवढा वेळच नव्हता. ते दोनदा स्टालिनला भेटले. दुसऱ्या दिवशीची बैठक तीन तास चालली. तिथे लिटव्हिनोव्ह दुभाषे होते आणि बाकी कुणी नव्हतं. हॉपकिन्सनी अताशांसारखं 'तुमच्याकडे किती डिव्हिजन?' एवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं असावं. ते विचारत राहिले : तुम्हाला आत्ता काय हवंय, आणि युद्ध लांबलं तर काय हवंय? स्टालिनने आत्तासाठी विमानविरोधी तोफा, मोठ्या मशीनगन आणि दहा लाखांवर रायफली मागितल्या. लांबच्या पल्ल्यासाठी विमानाचं उच्च प्रतीचं पेट्रोल आणि ॲल्युमिनियम मागितलं. विमानविरोधी तोफा आणि ॲल्युमिनियम द्या, आम्ही तीन-चार वर्षं लढू, असं तो म्हणाला.

आता ॲल्युमिनियमपाशी थांब. ॲल्युमिनियमने उद्या सकाळी रणगाडा अडवता येत नाही. ते जहाजाने येणार, कारखान्यात जाणार, त्याचं विमान होणार, आणि ते विमान पुढच्या वर्षी उडणार. ज्याला महिनाभरात राजधानी सोडून पळायचं आहे तो ॲल्युमिनियम मागत नाही, तो बंदुका मागतो. हॉपकिन्सच्या हे लक्षात आलं. गावाकडे बघ, शेत विकायला काढलेला माणूस बांधावर आंब्याची कलमं लावत नाही. परतल्यावर त्यांनी रूझवेल्टना सांगितलं, हे लोक टिकतील. परतीच्या घाईत त्यांची औषधांची पिशवी मॉस्कोतच राहिली आणि विमान हेलकावे खात असताना ते औषधांवाचून बेजार झाले. १ ऑक्टोबरला मॉस्कोत मदतीच्या करारावर सह्या झाल्या आणि ७ नोव्हेंबरला लेंड-लीज, म्हणजे मित्रदेशांना युद्धसामग्री उसनी देण्याची अमेरिकेची योजना, रशियाला लागू झाली.

स्टालिन सगळं खरं बोलला असं समजू नकोस. हिवाळ्यात आघाडी मॉस्को, कीव्ह आणि लेनिनग्राडच्या अलीकडेच थांबेल असं तो म्हणाला होता. कीव्ह सप्टेंबरात पडलं आणि तिथे जर्मनांनी सहा लाखांवर कैदी धरल्याचा दावा केला. १५ ऑक्टोबरला तर सगळ्या दूतावासांना गाडीत बसवून कुइबिशेव्हला हलवलं गेलं, हजारभर किलोमीटर पूर्वेला. त्या रात्री फलाटावर सामान घेऊन उभ्या असलेल्या राजदूताला 'बघा, मी सांगत होतो' असं वाटलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही. ५ डिसेंबरला मॉस्कोसमोर रशियन प्रतिहल्ला सुरू झाला, तोवर निराश मंडळी बरोबर ठरायला हातभर अंतर उरलं होतं. म्हणून एम.ए.च्या उत्तरात 'सगळे मूर्ख आणि हॉपकिन्स शहाणा' असं लिहू नकोस. परीक्षकाने गुण दिले तरी मी देणार नाही.

पद्धतीचा आणखी एक दाखला वर्षभर आधीचा, तोही रूझवेल्टचाच. १९४० मध्ये लंडनला अमेरिकेचे राजदूत जोसेफ केनेडी होते, पुढे अध्यक्ष झालेल्या केनेडींचे वडील. ब्रिटन तरणार नाही असा त्यांच्या तारांचा सूर. मेच्या अखेरीस त्यांनी कळवलं की फ्रान्समधली ब्रिटिश फौज आता चमत्कारच वाचवेल. आठवड्याभरात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून तीन लाख अडतीस हजार माणसं परतली. तरी केनेडींचा सूर बदलला नाही. रूझवेल्टनी जुलैत विल्यम डोनोव्हन नावाच्या वकिलाला, पहिल्या महायुद्धात लढलेल्या माणसाला, स्वतंत्रपणे बघायला पाठवलं. तो परतला तो ब्रिटन टिकेल, त्याला विनाशिका (युद्धनौका) द्या, असं सांगत. सप्टेंबरात पन्नास विनाशिका दिल्या गेल्या. म्हणजे तारेवर शंका आली की रूझवेल्ट नवा माणूस पाठवायचा. दूतावासात वर्षानुवर्षं मुरलेला माणूस आणि नव्याने आलेला माणूस, दोघंही एकच दृश्य बघतात, पण नव्याला अजून शेजारच्या दूतावासातलं मत चिकटलेलं नसतं. उलटही होतं, नवा माणूस यजमानाने दाखवलं तेवढंच बघून भुलतो, त्याचीही उदाहरणं इतिहासात भरपूर आहेत. हॉपकिन्सची खुबी अशी की त्यांनी स्टालिनच्या बोलण्यापेक्षा स्टालिनच्या मागण्यांच्या यादीवर भरवसा ठेवला.

प्रबंधासाठी विषय शोधत असशील तर मागण्यांच्या याद्या बघ. कोणत्या देशाने युद्धाच्या पहिल्या महिन्यात मित्रांकडे नेमकं काय मागितलं, तोफा की धातू, गोळ्या की यंत्रं, हे कुणी नीट मांडलं तर मला वाचायला फार आवडेल.

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे की दुसऱ्या महायुद्धात इथे कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे लोक राहायला आले ते रशियामुळे. पण पोलंड तर जर्मनीने घेतलं होतं ना? मग रशियाचा काय संबंध?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचे आजोबा बरोबर सांगत होते. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचा पश्चिम भाग जर्मनीने घेतला आणि पूर्व भाग रशियाने. पूर्वेकडच्या लाखो पोलिश लोकांना रशियाने सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. जून १९४१ मध्ये रशियावरच हल्ला झाला आणि त्याला मित्रांची गरज पडली. ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की आणि रशियाचे राजदूत मायस्की यांनी करार केला, आणि त्या लोकांना सोडायचं ठरलं. तारीख पुन्हा वाचा. हॉपकिन्स स्टालिनसमोर बसले होते तो हाच दिवस. रशिया सहा आठवड्यांत पडला असता तर ही माणसं कुठे गेली असती, याचा विचारही करवत नाही.

सुटल्यावर ती मध्य आशियात उतरली, आणि १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्रावरून इराणात आली, सैनिक आणि घरचे मिळून लाखाच्या वर. इराणचा रस्ता मोकळा होता तोही ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि रशियन फौजा तिथे शिरल्या म्हणून, आणि त्या ब्रिटिश फौजेत आपले भारतीय शिपाई मोठ्या संख्येने होते. इराणातून काही मुलं जामनगरजवळ बालाचडीला आली आणि १९४३ पासून मोठी वसाहत वळिवड्याला उभी राहिली, सुमारे पाच हजार माणसांची, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं. १९४८ मध्ये ती हलली आणि नंतर तिथे सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर.

माझं आजोळ वळिवड्याजवळच्या रुकडीचं. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आजीबरोबर ती कॅम्पात अंडी आणि पेरू विकायला जायची. तिथल्या एक बाई रोज सहा अंडी घ्यायच्या आणि प्रत्येक अंडं उजेडाकडे धरून बघायच्या. आईला त्याची गंमत वाटे. घरी कुणी अंडं उजेडाकडे धरलं की ती हसायची. पैसे हातावर ठेवताना त्या बाई एक शब्द म्हणायच्या, जेंकुये. 'आभारी आहे' असा त्याचा अर्थ, हे आईला कुणीतरी नंतर सांगितलं. आई गेली त्या वर्षापर्यंत, दूधवाल्याने सुटे परत दिले की ती त्याला जेंकुये म्हणायची, आणि तो 'हो काकू' म्हणून पुढच्या दाराकडे जायचा.